वास न येणारं पनीर

सोलापूर,
२४ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
सुकन्याचा नमस्कार.

तुझी तब्येत चांगली आहे, असं रेश्मावहिनी सांगते. पोट, ताप, सगळं मी तिला खोदून खोदून विचारते. नणंद उगाच चौकशा करते, असं तिला वाटत असेल. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

इथं ऊन फार आहे. लॅबमधला एसी बिघडलाय. आईच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलंय, मिळालं का?

कुंभारीच्या लग्नाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण दुसरं काही सुचत नाही.

दिवाळीत मी तुला आमच्या लॅबमध्ये बनवलेल्या कागदाची गुंडाळी दिली, ती घरात वापरून बघायला. साध्या पिशवीतला पनीरचा तुकडा बुळबुळीत झाला, आमच्या कागदातला पांढराशुभ्र राहिला. "सुके, ह्यो तर फ्रिजचंच काम करतुय की," तू म्हणालास आणि मी हसले. तिथंच नाही म्हणायला हवं होतं.

त्या कागदात पेप्टाइड असतात, म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंपासून मिळणारे प्रथिनांचे छोटे तुकडे. ते दुसऱ्या जंतूंना मारतात, पण कागद जिथं टेकतो तिथंच. पनीरच्या आतले जंतू उन्हात वाढतच राहू शकतात. मार्चमध्ये आमच्या चाचणीत तसंच झालं. तुकडा दिसायला ताजा, वासाला ताजा, आणि आत विषबाधा होईल इतके जंतू. नासलेलं पनीर वासानं माणसाला सावध करतं. आम्ही तो वासच बंद करून टाकला होता.

म्हणून लग्नाच्या सकाळी वहिनी फोनवर कौतुकानं म्हणाली, "तुमच्या कागदात बांधून आपल्या डेअरीचं पनीर कुंभारीला गेलं, बर्फ लागलाच न्हाय," तेव्हा मी लगेच तुला फोन लावला. तू "रस्त्यात हाय" म्हणून फोन ठेवलास. मी रिक्षा करून निघाले.

मांडवामागं कढई तापली होती. बापूसाहेबांनी तुकडा हुंगला. "ताई, ताजं हाय की. नवरीचा बाप हाय मी, पाव्हण्यांना काय सांगू?" तू कुणाकडंही न बघता त्यातला अर्धा तोडून तोंडात टाकलास. "ह्ये बघ. खाल्लं. आता बोल."

"दादा, थुंक ते," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. लहान पोराला सांगावं तसं.

तू गिळलंस.

मग मी बापूसाहेबांना सांगितलं, हे वाढलंत तर मी पंगतीत प्रत्येकाला सांगत फिरेन. त्यांनी बटाटे चिरायला लावले. तू एकट्यानं क्रेट गाडीत चढवलेस. मी हात लावायला आले तर "सरक" एवढंच म्हणालास. वहिनी सांगत होती, सगळं पनीर तू रानात खड्डा करून पुरलंस.

जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलंच नाही. मी तिथून काही तुकडे लॅबमध्ये आणले होते. तू खाल्लेल्या तुकड्याचा उरलेला अर्धा भागही त्यात होता. तपासले. विश्वास बसेना म्हणून परत तपासले. काहीच निघालं नाही, दादा. तुझं पनीर चांगलं होतं.

आज बापूसाहेबांना घरी जाऊन हे सांगून आले. तुझं नाव खाली राहायला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग तवा कशापायी थांबवलं, ताई?" त्यांना जे उत्तर दिलं तेच तुला देते. पनीर चांगलं आहे की नाही, ते तेव्हा कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही.

तुझा राग मला मान्य आहे. पण तू पुन्हा असा बर्फाशिवाय निघालास, तर मी पुन्हा मांडवात येऊन उभी राहीन. माफी मागायला बसले होते, आणि लिहून हे झालं.

तू हो म्हण की नाही म्हण,
तुझीच धाकटी बहीण,
सुकन्या