मी दुरुस्त केलेला शब्द

७ डिसेंबर, रवि.
लोहाऱ्याच्या संघाकडून चार-शून्य हरलो. तेही घरच्या मैदानावर. बघायला तीसेक माणसं, त्यातली निम्मी आमची मॅच कधी संपते आणि टेनिस-बॉल क्रिकेट कधी सुरू होतं याची वाट बघत. मी गोलात उभा राहायचो तेव्हा आमच्या मुरुम गावात मॅचच्या दिवशी दुकानं अर्धी बंद असायची. असो.
दुसऱ्या हाफमध्ये आमचा मजीद आणि त्यांचा फॉरवर्ड यांनी एकमेकांची कॉलर धरली. कॅप्टन इरण्णा लांबून ओरडत धावत आला, मग सगळेच धावले. रेफ्रींनी मजीदला लाल कार्ड दाखवलं, इरण्णालाही. इरण्णानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून रेफ्रींच्या पायाशी फेकली आणि सरळ बाहेर चालत गेला. फार लाज वाटली. फुटबॉल मंडळाचा सचिव म्हणून माफी मागायला मीच गेलो.

८ डिसेंबर
रेफ्रींची चिठ्ठी आली. तुळजापूरकडचे शिक्षक आहेत. ‘कर्णधाराने बिडो, बिडो असे ओरडून खेळाडूस चिथावले.’ बिडो! शिक्षकांचं शुद्धलेखन हे असं, मग पोरांचं काय होणार? मीटिंगसाठी स्वच्छ प्रत काढली, शब्द नीट करून – ‘भिडा, भिडा’. तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांचे कागद नीट करण्यात गेली. हात थांबत नाही.

१० डिसेंबर
मीटिंग. विषय – संघ का घसरला. एक म्हणाला मोबाइल. दुसरा म्हणाला क्रिकेट. तिसरा म्हणाला, पोरं पुण्याला जातात, राहतात ती हीच. दोन तास तेच. मग मी उभा राहिलो आणि शिस्तीवर बोललो. चांगलं बोललो, टाळ्या पडल्या. मग अहवाल वाचला, ‘भिडा, भिडा’वर जोर देऊन.
अध्यक्षांनी इरण्णाला विचारलं, “ओरडलास का न्हाय?”
“व्हय, ओरडलो.” माझ्याकडं बघून किंचित हसला. पुढं काही नाही.
ते हसणं मला उर्मट वाटलं. वर्षभर बंदी. मजीदला तीन सामने, कारण त्याला भडकवलं गेलं. ठराव मीच लिहिला, अक्षर छान आलंय.

१४ डिसेंबर, रवि.
सरावाला नऊ जण. कोण कुठं उभं राहायचं हे सांगायला कोणी नाही. मजीद आला, बॉलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, अर्धा तास कट्ट्यावर बसला आणि गेला. जाताना म्हणाला, “काका, इरण्णा नसंल तर मलाबी धरू नका.”
इरण्णा चौतीस वर्षांचा आहे. गुडघा दुखतो. वर्षभर बंदी म्हणजे त्याचं खेळणं संपलंच. हे ठराव लिहिताना माहीत नव्हतं असं नाही.

१८ डिसेंबर
हे लिहायला नको वाटतंय.
सकाळी बाजारात गेलो. आडतीपाशी दोन हमाल तुरीच्या एकाच पोत्याला दोन्हीकडून ओढत होते, शिव्या देत. भाजी विकणारी शिवलिंगम्मा बसल्या जागेवरून त्यातल्या एकावर ओरडली, “बिडो! ए, बिडो!”
त्यानं पोतं सोडलं.
मी तिथंच उभा. विचारलं, “मावशी, काय म्हणालात त्याला?”
“सोड म्हनलं की वो. दुसरं काय म्हननार?”
कानडी. सोड. मजीदला तो सोड म्हणत होता.
रेफ्रींनी ऐकलं ते बरोबर ऐकलं, अर्थ चुकीचा लावला. लिहिलंही जसंच्या तसं. कमिटीत निम्मी घरं कानडी बोलणारी. ती चिठ्ठी तशीच वाचली असती तर तिथल्या तिथं हसून विषय संपला असता. पण मी शुद्ध केलं ना.
घरी सांगितलं. ही म्हणाली, “अठ्ठावीस वर्षं झाली या गावात. भाजी घेण्यापुरतं तरी शिका म्हणत होते.” भाजीही तीच आणते.

२० डिसेंबर
इरण्णाच्या दुकानात गेलो. मोटार वायंडिंगचं काम, मांडीवर तांब्याची तार. स्टूल पुसून दिलं. सगळं सांगितलं. तार गुंडाळतच ऐकत होता.
“त्याच दिवशी बोलला का नाहीस?” मी विचारलं.
“तुमी लई जोरात वाचलाव, काका. आन तुमी लिवलेलं चूक म्हनून कोन म्हननार? मला वाटलं, मुद्दाम लिवलंय.”
मुद्दाम!
“पट्टी फेकली ती माझीच चूक. त्याची शिक्षा द्या, घेतो. पन मी भांडन लावलं म्हनून न्हाय.” मग तार तोडली आणि म्हणाला, “हे मीटिंगमधी सांगनार, का मलाच सांगायला आलाव?”
सांगणार, म्हणालो. चहा न घेता उठलो.

२३ डिसेंबर
अध्यक्षांच्या घरी जाऊन आलो. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आता. ठराव फिरवला तर पोरं डोक्यावर बसतील. आन तुमचंच नाव खराब हुईल.” काळजी खरी होती त्यांची. परत येताना तेच पटायला लागलं, स्टँड येईपर्यंत जवळजवळ पटलं होतं.
खरं म्हणजे संघ बुडतोय त्याला कोणीतरी जबाबदार हवा होता मला. नाहीतर मग आम्हीच, जे दर आठवड्याला खुर्च्या मांडून बोलत बसलो. इरण्णा आयता सापडला. हमाल भेटले नसते तर आजही मी त्याला उर्मटच म्हणत असतो.

२८ डिसेंबर, रवि.
पाच वाजता मीटिंग. इतिवृत्ताच्या वहीत ‘भिडा, भिडा’वर लाल रेघ मारली, वर ‘बिडो, बिडो’ लिहिलं, शेजारी सही केली. रेफ्रींची मूळ चिठ्ठीही खिशात आहे. पट्टी फेकल्याबद्दल दोन सामने, बंदी रद्द, असं मांडणार. अध्यक्षांच्या बाजूनं चार जण नक्की आहेत. बाकीच्यांचं सांगता येत नाही.
इरण्णाला निरोप धाडला होता. येतो म्हणाला, पण दारातच उभा राहीन.
त्या दिवशी जेवढ्या जोरात वाचलं, तेवढ्याच जोरात वाचायचंय.