मधले दोन सेकंद

मंगळवार, संध्याकाळ

पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलताना प्रत्येक उत्तराआधी दोन सेकंद जायचे. नेटवाल्या इरफानने आज राउटरचं सेटिंग बदललं. म्हणाला, "चाचा, स्पीड थोडी कम की है, अब बात नहीं अटकेगी." स्पीड कमी करून बोलणं लवकर पोचतं? हे कसं? मग आपला लूम आठवला. फार पळवला की धागा तुटतो आणि कापड कमीच निघतं. तसंच काहीतरी असेल. कारखान्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं फुटेज नेटवर चढत असताना बोलणं हमखास अटकायचं, म्हणून मुद्दाम तेव्हाच फोन लावला. जेवलीस का, ड्युटी कशी चाललीय, सगळ्याची उत्तरं लगेच. मजा वाटली. मग विचारलं, "दिवाळीला येशील ना?"

पुन्हा तेच दोन सेकंद.

"बघते, बाबा."