मनकर्णेचा पोळा

५ ऑगस्ट २०२४, सकाळी
आजपासून रोजनिशी. पुण्याचं ट्रेनिंग डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. डुकरालाही मन असतं, कंटाळा येतो. शेंद्र्याजवळच्या या वराहपालन फार्मवर इतकी वर्षं मॅनेजर आहे, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. संकल्प: दिवाळीच्या आत डुकरिणींचे सगळे पिंजरे उघडायचे. आप्पासाहेब मालक असले तरी माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आप्पासाहेब हसले. म्हणाले, "करा की मॅनेजरसाहेब, पन धंदा बसू नका देऊ." म्हणजे परवानगीच.

८ ऑगस्ट
सुरुवात दाराजवळच्या डुकरिणीपासून. पिंजरा असा अरुंद की तिला वळतासुद्धा येत नाही. दिवसभर लोखंडी गज चावते. नाव ठेवलं मनकर्णा. घरी सांगितलं तर सौ. भडकली. तिच्या आत्याचं नाव निघालं. आता बदलता येत नाही, हाक मारली की मनकर्णा कान टवकारते. आत्या कधी टवकारत नाहीत.

१३ ऑगस्ट
कंटाळ्यावर उपाय: गव्हाचं काड. ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवला होता. सगळ्या पिंजऱ्यांत टाकलं. मनकर्णा गज सोडून काड चघळत बसली. माझे डोळे भरून आले. शेडमधल्या वासानं असेल.

१४ ऑगस्ट
काड पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीतून खाली गेलं, नाली तुंबली. शेडमध्ये घोट्याएवढा चिखल. चिखल म्हणतो, होतं वेगळंच. झाडलोट करणारी साळूबाई म्हणाली, "सायेब, तुमी पुन्यालाच ऱ्हायचं व्हतं." माझी चूक नाही, नालीची आहे. परदेशात रुंद असतात म्हणे. सौ.नं घरात घ्यायच्या आधी अंगणातल्या नळाखाली आंघोळ करायला लावली.

२० ऑगस्ट
शेडमागची अडगळ काढली. फुटक्या टाक्या, जुने पाइप, एक मेलेली मोटारसायकल. इथं डुकरिणींना फिरायला मोकळं मैदान होणार. आप्पासाहेब पाहून खूश. "लई जागा निघाली हो!" म्हणाले. तिथल्या तिथं फोन लावून कुणाला तरी मापं दिली. माणूस हळूहळू बदलतो.

२७ ऑगस्ट
लोखंडी गज आले. मैदानाच्या कुंपणाचे असणार. जरा जवळजवळ लावताहेत.

१ सप्टेंबर, संध्याकाळी
उद्या पोळा, आज खांदेमळणी. गावात बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" चाललंय. बैलाला एक दिवस जू नाही, मग मनकर्णेलाच पिंजरा का? एवढी साधी गोष्ट पुण्याच्या लोकांना सुचली नाही. गुपचूप तिच्या खांद्याला हळद-तूप लावलं, रीतसर आवतण दिलं. साळूबाईनं पाहिलंच. "आवं, देव काय म्हनंल?" म्हणाली. मी म्हणालो, देवानंच वराह अवतार घेतलेला.

२ सप्टेंबर, पोळा, दुपारी
पिंजरा उघडला. समोर पुरणपोळी ठेवली. मनकर्णा उघड्या दारात गज चावत उभी. हाक मारली तेव्हा निघाली. जरा पुढं आली, पाय थरथरले, ओल्या फरशीवर मागचे दोन्ही फाकले आणि ती बसली. बसल्या बसल्या पोळी खाल्ली. खाताना माझ्याकडेच बघत होती. वयात आल्यापासून चाललीच नाही, तर चालणार कशी? हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

३ सप्टेंबर
पुन्हा पिंजऱ्यात. उभी राहते, पण लंगडते. डॉक्टर म्हणाले, सांधा गेला. आप्पासाहेब म्हणाले, परवा खाटकाकडं गाडी जातीय, हिलाबी टाका. मी म्हणालो, मैदानात ठेवू, मातीत बरी होईल. ते मला शेडमागं घेऊन गेले. तिथं नव्या पिंजऱ्यांची रांग. "तुमच्यामुळंच झालं बघा," म्हणाले आणि पाठ थोपटली. मी बोलणार होतो. पण शब्द नीट जुळवून बोललेलं बरं. उद्या.

४ सप्टेंबर
आप्पासाहेब वेरूळला दर्शनाला गेले. असले विषय फोनवर काढू नयेत.

५ सप्टेंबर
गाडी आली. मनकर्णा गाडीला लावलेल्या फळीवर चढेना. ढकललं, शेपटी पिरगळली, काठ्या काढल्या, तरी नाही. मी ऑफिसात काहीतरी चाळत बसलो होतो. साळूबाई म्हणाली, "सायबाला बोलवा, त्यांच्या हाकंला येती ती."
गेलो. काठ्या खाली टाकायला लावल्या. गाडीत चढून उभा राहिलो आणि हाक मारली. लंगडत, थांबत थांबत, सरळ माझ्यापाशी आली. माझ्या पँटला नाक घासलं. मी उतरलो तशी तीही वळायला लागली, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडीचं मागचं फळकं लावलं.
काठी लागली नाही तिला. आप्पासाहेब खूश आहेत. ट्रेनिंग वाया गेलं नाही म्हणाले. आता दर गाडीला जनावरं मीच चढवायची असं ठरलंय.