संध्याकाळी तापणारी गाडी

॥ श्री ॥
रेवस, ता. ५ एप्रिल १९५६

ती. चंदरदादास गोदूचा सा. न. वि. वि.

शिमग्याला तू आलास, गाडीच्या पंख्याचा पट्टा बदललास, स्वतः चालवत अलिबागला नेऊन आणलीस आणि छाती फुगवून लाँचीत बसलास. तुझी पाठ वळली नि दोन दिवसांत गाडीनं पुन्हा वाफ सोडली. चोंढीच्या पुढं बाबांना सगळे उतारू खाली उतरवावे लागले. एकजण म्हणाला, यापेक्षा टांगा बरा. बाबांनी वळून बोनेट उघडलं. आपले बाबा आणि ऐकून घेणार! मला तेच लागलं.

तुझ्या हुकमाप्रमाणं गाडीला लांबच्या विहिरीचं गोडं पाणी घालतो. घागरी मीच वाहते. माणसं मचूळ पाणी पितात आणि गाडी गोडं. पुढच्या जन्मी देवा मला मोटारच कर.

नवल असं, की दुपारच्या खेपेला ती सुरळीत जाते. संध्याकाळच्या लाँचीची माणसं घेऊन निघाली की तापते. बाबा म्हणतात, म्हातारी झाली, तिला ऊन सोसतं, वारं न्हाय सोसत. हसून म्हणतात, पण जेवण अर्धं टाकून उठतात. मिठागरातून बाहेर पडून त्यांनी ही एकच गोष्ट आपली अशी केली. ती गेली तर ते कशावर जगतील, मला कळत नाही. काहीतरी उपाय कळव.

पत्राची वाट बघणारी,
गोदू

॥ श्री ॥
मुंबई, ता. ११ एप्रिल

चि. गोदूस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पुढच्या जन्मी मोटार होऊ नकोस, माझ्यासारखे लोक तुझ्या पोटात हात घालतील.

दुपारी थंड आणि संध्याकाळी गरम, असलं इंजिन या गॅरेजात मी कधी पाहिलं नाही. इंजिनाला घड्याळ कळत नाही. खार साचला असता तर उन्हात आधी तापली असती. नळ्या फुगतात का, पाणी कुठं गळतं का, पंखा नीट फिरतो का, हे बघ. मालक सध्या रजा देत नाही, नाहीतर मीच आलो असतो.

आणखी एक. मी चालवली तेव्हा ती एकदाही तापली नव्हती. तेव्हा एका संध्याकाळी तू बाबांच्या शेजारी बस आणि ते कुठं कुठला गिअर टाकतात ते बघून लिही. मी विचारलं असं सांगू नकोस. ज्यांनी मला चालवायला शिकवलं त्यांनाच शिकवायला निघालास का, म्हणून माझी पूजा बांधतील.

तब्येतीला जप. माया आहेच.
चंदर

॥ श्री ॥
रेवस, ता. १७ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

नळ्या ठीक आहेत. पंखा फिरतो. थेंबभर पाणी गळत नाही.

परवा संध्याकाळी मी शेजारी बसले. बंदर सोडलं ते दुसऱ्या गिअरवर, आणि अलिबाग येईपर्यंत दुसराच. सपाट रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडत होतं. मी म्हटलं, तर म्हणाले, घाई कशाला, अलिबाग काय पळून जात न्हाय. डावीकडची चाकं त्यांनी सारा वेळ कडेच्या खडीवर ठेवली होती. खडी वाजायची थांबली की तेही चाचरायचे. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की थांबायचे आणि मला विचारायचे, कोणाची गाडी ग ती? मी आधी थट्टा समजले. सगुणाकाकीनं रस्त्यातून हात केला, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती रुसून बसली आहे.

अलिबागेत शिरताना एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आडवी आली. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला. ती वाचली. दादा, मला फार भीती वाटते.

तुझी,
गोदू

॥ श्री ॥
मुंबई, ता. २१ एप्रिल

चि. गोदूस आशीर्वाद.

गाडीत काही बिघाड नाही. एवढी वाट दुसऱ्या गिअरवर नेली तर कुठलंही इंजिन उकळेल. बाबांना दिसत नाही. भर उजेडात भागतं, उजेड उतरला की ते अंदाजानं, खालच्या गिअरवर हळू चालवतात, म्हणून गाडी संध्याकाळी तापते.

आजपासून संध्याकाळची खेप बंद. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन इकडं ये, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू. हे त्यांना सांगायला हवं, आणि मोठा असून मी ते तुझ्यावर ढकलतो आहे. मला धीर नाही ग.

तुझा,
चंदर

॥ श्री ॥
रेवस, ता. १६ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

मुंबईहून सुखरूप पोचलो. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून बाबांनी डोळ्यांचं नावही काढलं नव्हतं. काल पडवीत बसून आपणहून बोलले. म्हणाले, मला दिवाळीपासून ठाऊक व्हतं. चंदरनं पट्टा बदलला, मी बदलू दिला. तू घागरी वाहिल्यास, मी वाहू दिल्या. सगळी गाडीकडं बघत व्हती, तोवर माझ्याकडं कोण बघत न्हवतं.

मला राग आला. त्या कोळणीला काही झालं असतं तर, असं मी तोंडावर विचारलं. व्हय, एवढंच म्हणाले आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग मीही रडले.

आज नागावचा तुकाराम गाडी न्यायला आला. तो गाडी घेणार हे तुला ठाऊकच आहे. बाबांनी बोनेटवरून हात फिरवला आणि चावी त्याच्या हातात दिली. गाडी निघाली तसे ते कान देऊन उभे राहिले. म्हणाले, टॉप गिअरवर टाकली त्यानं. आता न्हाय तापायची. मग मला विचारलं, दिसेनाशी झाली का ग?

भर दुपार होती, दादा. गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर लख्ख दिसत होती. मी हो म्हटलं.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. रजा मिळो न मिळो, ये. जीव आहे तसाच आम्हां दोघांवर असू दे.

तुझी,
गोदू