पलंग तुम्ही दोघींनी निवडला

लिंबायत, सुरत
१९७४

प्रिय इंदू,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण परवाच्या रविवारी तुला जाऊन वर्ष झालं. घरी बुद्धवंदना झाली, खीर झाली, आपली गावाकडची माणसं आली. आणि आलेली प्रत्येक बाई आधी शेजारच्या कांताबेनच्या गळ्यात पडली. मी कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. तुझी मावशीसुद्धा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खूप केलं गं तू माझ्या पोरीचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भास्करराव, चहा मांडता का?"

चहा मांडला. पण तेव्हा जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. तुझ्याशी नाही भांडायचं तर कोणाशी भांडू?

तुला आठवतं, सुरुवात कशी झाली? चालता चालता तुझ्या डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तुला कळायचंही नाही. मी हसायचो. मग तुला एकाचे दोन दिसू लागले. महिन्याभरात ते गेलं, आपल्याला वाटलं सुटलो. पुढच्या वर्षी पुन्हा आलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "मज्जातंतूंचा आजार आहे. येईल, जाईल. पण दर वेळी जाताना थोडं काहीतरी घेऊन जाईल." आत आलो तर तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बरं होईल." तू माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तू भिंत धरून चालू लागलीस तेव्हा शेजारची खोली रिकामी झाली आणि कांताबेन राहायला आली. नवरा मिलमध्ये, मुलं शाळेत. ती घरी बसून मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायची. तुझे हात तेव्हा चांगले होते. ती साडी घेऊन तुझ्याकडे येऊन बसू लागली, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तू. मला बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

मग एक दिवस रेल्वेच्या मालधक्क्यावरून लवकर सुटलो. येताना वाटेत एक लहान कंगवा घेतला, बारीक दातांचा. तोवर तुझा हात वर जाईनासा झाला होता, म्हणून मनात होतं की आज आपण वेणी घालावी. घरी आलो तर वेणी घातलेली. तेल चोपडलेलं, भांग सरळ, वर अबोलीचा गजरा. "कांताबेननं घातली," तू म्हणालीस. कंगवा मी खिशातच ठेवला. तुला कधी दाखवला नाही. आता सांगतो.

पुढे काथ्याच्या खाटेचा खड्डा तुझ्या पाठीला लागू लागला. कमरेशी कातडी लाल झाली. डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यासारखी लोखंडी कॉट आणा. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलते, तशी." मी स्टेशनच्या बाजूच्या दुकानात जाऊन पाहून आलो. एक उंच पलंग होता, दोन हँडलांचा. डोकं वेगळं उचलायचं, गुडघे वेगळे. माझ्या कमरेएवढा उंच. मी लगेच ठरवून टाकलं, हाच घ्यायचा. तुला उचलताना मला वाकावं लागणार नव्हतं. मी खूश होऊन घरी आलो, तर तू म्हणालीस, "निजनं मले शे, मंग पलंग बी मीच देखसू."

झोपायचं तुला, मग पलंगही तूच बघणार, हे खरं होतं.

घोडागाडी केली. मागे तू आणि कांताबेन, पुढे गाडीवाल्याजवळ मी. दुकानात मी तुला आत उचलून नेलं आणि उंच पलंगावर ठेवलं. गिऱ्हाईकं बघत होती. तुझा पदर कांताबेनने सारखा केला. तू पाय खाली सोडलेस. पाय अधांतरी लोंबत राहिले, फरशी हातभर खाली. तू माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलंस. मग तुम्ही दोघी भराभर गुजरातीत बोलू लागलात. मला गुजराती येते गं, धक्क्यावर दिवसभर तेच तर बोलतो. पण तुमचं ते अर्ध्या शब्दावरचं बोलणं मला लागेना.

कोपऱ्यात दुसरा पलंग होता. बुटका, एकाच हँडलचा. फक्त डोकं वर व्हायचं. बाजूला एक जाडसर दांडी होती धरायला. तुला त्यावर बसवलं. तुझ्या पायांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले.

"हा घ्या," तू म्हणालीस.

"अगं, ह्यात गुडघे वर होत नाहीत. आणि मला रोज इतकं वाकावं लागेल."

"त्या उंचावरून मी तुमच्याशिवाय उतरू शकणार नाही."

"मी आहे ना."

"तुम्ही ड्युटीवर असता."

"मग कांताबेन असते," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण दुकानदाराने मान वर केली.

तू शांतपणे म्हणालीस, "कांताबेन मला उचलत नाही. ती बाजूला उभी राहते. उतरते मीच."

इंदू, मला हे माहीतच नव्हतं. मी घरात असलो की तू माझ्याकडे हात पुढे करायचीस आणि मी उचलायचो. मला वाटायचं, तुला तेच हवं आहे. आणि मी गेलो की तू तुझी उतरत होतीस, दुसऱ्या कोणासमोर. ते मला का नाही दाखवलंस? मी बघू शकलो नसतो, असं वाटलं का तुला?

पलंग तो बुटकाच आला. दुकानदाराने हँडल कसं फिरवायचं, तेल कुठे द्यायचं, सगळं कांताबेनला समजावलं. मी शेजारीच उभा होतो. घरी आल्यावर मी म्हटलं, आतल्या भिंतीला लावू, वारा लागणार नाही. तू म्हणालीस, दाराकडे तोंड करून लावा. दारातून काय दिसायचं? तिचा ओटा. तिथंच लावला.

मग कांताबेन माहेरी कामरेजला गेली, भावाच्या लग्नाला, महिन्याभरासाठी. खोटं कशाला सांगू, मी साहेबांच्या मागे लागून रजा घेतली आणि शीळ घालत घरी आलो. आता तू माझी एकट्याची. मी हँडल फिरवायचो, तू "बस" म्हणालीस की थांबायचो. भाकरी दुधात कुस्करून भरवायचो. तू सगळं मुकाट खायचीस, परक्याच्या घरी खावं तशी.

एका सकाळी मी तुला उचलायला वाकलो तर तू माझ्या छातीवर हात ठेवलास. "उचलू नका. नुसते उभे ऱ्हा."

मी उभा राहिलो. हात पाठीमागे धरून उभा राहिलो, नाहीतर ते आपोआप पुढे आले असते. तू दांडी धरलीस. एक पाय हाताने उचलून खाली ठेवलास, मग दुसरा. थरथरत उठलीस, वळलीस आणि शेजारच्या खुर्चीवर बसलीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांनंतर पाहिलंच नव्हतं. मी काही म्हणणार, इतक्यात तू म्हणालीस, "आज दांडी एकाच हाताने धरली. कांताबेन आली की सांगायला पाहिजे."

त्या क्षणीसुद्धा तीच का गं?

मग गेल्या थंडीत तुझ्या छातीत कफ झाला. तू गेलीस तेव्हा मी धक्क्यावर होतो, मालगाडीच्या वाघिणी मोजत. तुझ्याजवळ ती होती. शेवटचं पाणी तिच्या हातचं. मी तिला विचारलं, "काय म्हणाली?" ती म्हणाली, "माथुं जरा ऊंचुं करो, एटलुंज." डोकं थोडं वर करा, एवढंच. माझा विश्वास बसला नाही. वर्षभर मी तिला आडून आडून विचारत आलो. दर वेळी तेच उत्तर. मला वाटायचं, आणखी काहीतरी आहे आणि ती ते स्वतःपाशी ठेवते आहे.

परवा सगळे गेल्यावर ती भांडी घासून पदराला हात पुसत तुझ्या पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "भाई, एक वात पूछूं? इंदुबेन चालतां हतां त्यारे केवां लागतां?"

तू चालायचीस तेव्हा कशी दिसायचीस, हे तिला विचारायचं होतं. तिने तुला कधी धड चालताना पाहिलंच नव्हतं. तुझ्याबद्दल तिला माहीत नसलेलंही काही आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला ते सगळं दिसलं. लग्नानंतर गावाकडे आपण बाजाराला निघायचो, तू डोक्यावर टोपली घेऊन पुढे, मी मागे. मी "थांब" म्हणायचो आणि तू थांबायची नाहीस. ज्वारीच्या दोन शेतांमधल्या बांधावरून तू अशी जायचीस की टोपली हलायचीही नाही. नदी आली की चपला हातात घेऊन सरळ पाण्यात. पलीकडे जाऊन वळून बघायचीस, मी अजून काठावर.

मी कांताबेनला म्हटलं, "आता आठवत नाही." ती "ठीक" म्हणाली आणि घरी गेली. तिच्या घरातला दिवा त्या दिवशी लवकर मालवला.

तेव्हापासून चैन नाही. तर आता तुला वचन देतो. उद्या संध्याकाळी ड्युटीवरून आलो की तिच्या ओट्यावर जाऊन बसेन. तुझ्या शेवटच्या शब्दांचं पुन्हा विचारणार नाही, ते तिचे आहेत. बांधावरून तू कशी चालायचीस ते सांगेन, टोपली कशी हलायची नाही तेही सांगेन. उठून दाखवायला लागलं तरी दाखवेन, ती हसली तर हसू दे.

नदीचं मात्र सांगणार नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे, इंदू.

तुझा,
अजून मागेच राहिलेला
भास्कर