आजोबांच्या बोटीचं कारण

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा हिंजवडीत नुसती शेतं होती. आता तिथे माझं ऑफिस आहे आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तुमच्या वडिलांची बोट सापडते. जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवरच्या चर्चा वाचत बसते. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या प्रवासी बोटींवरून जगभरची माणसं तिथे हमरीतुमरीवर येतात. आपल्या बोटीबद्दल एक म्हणतो टॉर्पेडो, दुसरा म्हणतो पाण्यातला सुरुंग, आणि तिसरा छातीठोकपणे सांगतो की बॉयलरच फुटला. त्या बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारणारे आगवाले माझे आजोबा होते, हे त्या तिसऱ्याला काय माहीत!

तुम्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात न फुटलेले गोळे तपासायचात आणि तिथला नियम घरातही चालवायचात. आधी काय दिसलं ते सांगायचं, का झालं ते नंतर. एकदा कुकरचा वॉल्व्ह उडाला आणि डाळ थेट छताला. आई म्हणाली, "शिट्टीत काहीतरी अडकलं असणार." तुम्ही स्टुलावर चढून वर बघताय, बनियनवर हळदीचं पाणी ठिबकतंय आणि शांतपणे विचारताय, "असणार म्हणजे? तू पाहिलंस अडकलेलं?" आई म्हणाली, "अहो, उतरा आता. ती डाळ काही साक्ष द्यायची नाही." हसून हसून माझी मुरकुंडी वळली होती.

काका गावाहून आले त्या रविवारी मात्र कुणी हसलं नाही. गावच्या शाळेपुढे युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता आणि काकांनी मजकूर ठरवून आणला होता: शत्रूच्या टॉर्पेडोने वीरमरण. बोट कंपनीने बॉयलरचं नाव पुढे केलं होतं, त्यामुळे गावात जरा वाजलं की तुम्हा दोघांना "बोटबुडव्याची पोरं" ऐकावं लागायचं. वाचलेला बोटीवरचा आचारी आजीला एवढंच सांगून गेला होता की दोन धमाके झाले, पहिला कुठून आला ते कळलं नाही. तुम्ही मजकूर वाचलात आणि म्हणालात, "टॉर्पेडो काढ."

"दादा, लोक म्हणतात आपल्या बापाने बोट बुडवली. तुला लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणून दगडावर खोटं कोरायचं?"

"खोटं कशावरून?"

"खरं कशावरून? तुला टॉर्पेडो पाहिजे, कंपनीला बॉयलर पाहिजे. वडिलांचं काय झालं ते कुणालाच नकोय. 'बोटीबरोबर गेले' एवढं लिही. तेवढं आपल्याला माहीत आहे."

काका चहा अर्धा टाकून उठले. आईने थांबवलं तरी थांबले नाहीत. तुमचे कान लाल झाले होते. पण दगडावर काकांनी तुमचंच म्हणणं कोरून घेतलं. मी जाऊन पाहून आले आहे. बाकीच्या सगळ्या नावांपुढे वीरमरण आहे आणि आपल्या आजोबांपुढे 'बोटीबरोबर गेले'. तिथे उभी असताना मला आजोबांपेक्षा तुमचाच अभिमान जास्त वाटला, हे आज सरळ सांगते.

गेल्या महिन्यात आमची सिस्टीम कोसळली. अमेरिकेतल्या क्लायंटला लगेच कारण हवं होतं आणि शेवटचा हात लागला होता माझ्या टीममधल्या एकाचा. अमरावतीहून आलेला, दोन मुलांचा बाप. साहेब म्हणाले, "ह्यूमन एरर लिहून टाक ना, विषय संपेल." मी म्हटलं, "त्याची नोकरीही संपेल, सर. काय दिसलं ते लिहिते. का झालं ते कळलं की सांगते." साहेबांनी कुत्सितपणे विचारलं, "हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" मी म्हटलं, "खडकीला." कारण अजून सापडलेलं नाही. साहेब धड बोलत नाहीत, पण तो माणूस रोज कामावर येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कॉम्प्युटरवरच्या त्या भांडणात मी रोज नवं काही आलंय का ते बघते, तिन्ही बाजू तुमच्यासारखं नीट वाचते, आणि प्रत्येक वेळी मनातून मला टॉर्पेडोच हवा असतो, बाबा.