साळीले दिलेला उखाणा बहिणीले कावून?

भैय्याजी, एकच चांदीचा चौरंग दोन बायांच्या घरी मांडाले तुमाले काहीच कसं वाटलं नाई? मी सख्खी बहीण अन् कमलिनी तुमची साळी, वैनीची बहीण; दोघीलेही तोच उखाणा, फक्त नवऱ्याचं नाव बदललं! (हो, पाया पडते. गुडघा कसा आहे? दुखून राहिला असन तं दुखू द्या.)

इकडं कोहका वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, माईकवर उखाण्याची स्पर्धा. तुमीच फोनवर सांगतलं, एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द एकामागं एक लावा, शेवटी यमक जुळवा, मंग माणूस जन्मभर इसरत नाई. म्हणून भांडे घासता घासता मी तुमचा उखाणा घोकला. अन् माझ्या आंधी कमलिनी उभी रायली: "चांदीचा चौरंग, चौरंगावर चंदनाची पेटी, धनंजयरावांचं नाव घेते सगळ्यांच्या भेटी!" माझ्या तोंडातला तिळगूळच कडू झाला. (तसाही आमच्याकडं चौरंग कुठचा, प्लास्टिकचा स्टूल आहे, तोही लंगडा.)

मंग माईक माझ्या हातात. साऱ्या बाया माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या. जे रोज कानावर पडते, तेच निघालं:

भट्टीत वितळते लोखंड, होते लालेलाल,
नरहरी घोराले लागले का शेजारी पुसते हाल!

बाया हसून हसून आडव्या झाल्या. मराठीचा गंध नसलेली शेजारची समृद्धी बी वरडली, "काकी, एक बार और!" पयला नंबर माझा.

पण हे मले घ्याले आलते. बाहेर स्कूटरवर बसून त्याईनं सारं ऐकलं. आता ह्यांच्या लोखंडाच्या प्लांटात जो तो म्हणते, "नरहरीभाऊ, काय हाल?" सुपेल्याच्या बाजारातला भाजीवाला बी इकडच्या बोलीत, "का हाल हे, कका?" तवापासून हे माझ्याशी बोलत नाई. भिंतीले म्हणते, "चहा पाहिजे." भिंतीनं अजून काही मांडला नाई.

तुमची (साळी नाई) बहीण,
मैना

ता. क. खरं काम रायलंच. शनिवारी ह्यांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम आहे, बायकोचं नाव घ्या लागन. काल दिवसभर पेपरच्या कोपऱ्यावर मैना, ऐना, दैना लिहून खोडलं. मंग भिंत सोडून मलेच म्हणाले, "तुया भावाले पुस ना वो!" बोलले एकदाचे! तं असा उखाणा पाठवा का सारा हॉल हसला पाहिजे. माझी टर उडाली तं उडू द्या. कमलिनीले हा दिसला नाई पाहिजे.

आणखी एक. मी ह्यांच्याहून मोठ्यानं घोरते, असं हे तुमाले फोनवर सांगतीन. ते त्यात टाकाचं नाई. बुधवारपर्यंत जवाब आला पाहिजे.